न्हाव्याची हरकत

न्हाव्याचं स्वतःचं डोकं गुळगुळीत. धाकट्या भावाच्या डोक्यावर मात्र घनदाट जंगल, आणि आई लहानपणापासून कौतुकानं त्या जंगलातच हात फिरवत आलेली. मत्सर म्हणजे काय, हे न्हाव्याला कुणी शिकवायला नको होतं.

स्वतःच्या लग्नाच्या सकाळी धाकटा विश्वासानं मान खाली घालून खुर्चीत बसला. न्हाव्यानं मशीन मानेवर टेकवलं, क्षणभर थांबला आणि सरळ टाळूपर्यंत नेलं. मागे चांगला रस्ताच तयार झाला. धाकट्यानं हात लावून पाहिला आणि बोंब ठोकली. आई धावत आली. तिला पाहून न्हाव्याची पाचावर धारण बसली. त्यानं चहा घेऊन दारात आलेल्या बायकोकडे बोट दाखवलं.

"हिनं हाक मारली. हात सटकला."

बायकोनं तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. पण सासूबाईंना निमित्तच मिळालं. "आजचाच दिवस सापडला का गं तुला?" धाकटा वहिनीकडे बघेना. बायको मात्र नवऱ्याकडे एकटक बघत राहिली.

चर्चमध्ये ती दुसऱ्या बाकावर बसली आणि शेजारच्या जागेवर पर्स ठेवली. न्हावी मुकाट्यानं मागे गेला. नवरदेव वेदीकडे तोंड करून उभा, त्यामुळे तो रस्ता सगळ्या मंडळीला दिसत होता. लोक रुमाल तोंडात कोंबून हसत होते.

"या लग्नाला कुणाची हरकत आहे?" पाळकांनी विचारलं.

न्हावी उठला. नवरीचा बापही ताडकन उठला.

"लग्नाला नाही, माझी हरकत माझ्यावरच आहे. हात सटकला नव्हता, मी मुद्दाम केलं. जळफळाट झाला होता माझा. सकाळपासून देवाची माफी मागतोय, पण चैन पडत नाही."

"देव ऐकतोच," पाळक म्हणाले, "पण केस त्याचे गेलेले नाहीत."

धाकटा वळला. "आधी लग्न लागू दे दादा, मग तुझ्या मिशा भादरतो!" सगळं चर्च हसलं. न्हाव्याचा जीव भांड्यात पडला. तो खाली बसणार, तेवढ्यात त्याचं लक्ष दुसऱ्या बाकाकडे गेलं. बायको हसत नव्हती. पर्स जागच्या जागी होती.

तो पाय ओढत तिच्यापाशी गेला. "आई, हिनं हाक मारलीच नव्हती. मी खोटं बोललो." पुढच्या बाकावरची आई गीतांच्या पुस्तकात काहीतरी शोधू लागली. "चुकलो गं मी," तो बायकोला म्हणाला. आता त्याला खरंच रडू येत होतं.

पाळक थांबले, नवरी थांबली. शेवटी बायकोनं पर्स उचलून मांडीवर घेतली. सरकली मात्र नाही. न्हावी अंग चोरून पर्सएवढ्या जागेत बसला.