जरा नावाची बाई

धाकटीने उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि लॅपटॉप मिटून पलीकडे ढकलला. तो सरकत ताईच्या कापडावर गेला. ताईने कात्री हातातून न सोडता कोपराने तो परत लोटला.

“खडूच्या खुणा पुसतेस,” ती म्हणाली.

दोघी बहिणींचं टेबल एकच. अर्ध्यावर ताईचं शिवणकाम, अर्ध्यावर धाकटीची लायब्ररी. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे, हे ताईला चांगलं ठाऊक होतं. तरी ती वाचनालयच म्हणायची आणि गिऱ्हाइकांसमोर मुद्दाम विचारायची, की आज किती पुस्तकं परत आली. होता तो जावास्क्रिप्टमधला छोटासा तयार कोड. कुणीही फुकट उचलावा, आपल्या वेबसाइटला जोडावा, वाटलं तर सुधारावा. जन्म त्याचा ताईच्याच उतावळेपणातून झाला होता. दातांच्या दवाखान्याची वेळ घेताना पान ढिम्म हलेना, म्हणून तिने बटण दाबदाब दाबलं आणि एका दाढेसाठी दिवसभराच्या सगळ्या वेळा तिच्या नावावर लागल्या. ती वेबसाइट धाकटीनेच केलेली. मग तिने असा कोड लिहिला, की पहिलं काम पुरं होईपर्यंत बटण दुसऱ्यांदा दाबलंच जाऊ नये. लायब्ररीचं नाव ठेवलं ‘जरा’ आणि तिच्यातल्या मुख्य आज्ञेचं ‘थांब’. वापरणाऱ्याने आधी जरा लिहायचं, मग टिंब, मग थांब.

कोड कुठल्या कुठे पोचला. ज्यांना हे शब्द उच्चारताही येत नव्हते ते लोक रोमन अक्षरांत ते टंकू लागले, चुका कळवू लागले, नवख्यांना समजावून सांगू लागले. पण कोडमध्ये टिंबाआधी ‘कोण’ करणार आणि टिंबानंतर ‘काय’ करायचं, अशी त्यांच्या नजरेला सवय. त्यामुळे जरा हे कोड लिहिणाऱ्या बाईंचं नाव, असं सगळ्यांनी धरून चाललं. प्रिय जरा. जराला विचारा. जराचं मत काय? पहिल्यांदा धाकटी पोट धरून हसली होती. दुरुस्त करायचं राहून गेलं, आणि पुढे पुढे तर ते आवडायलाच लागलं. घरात ती जन्माची धाकटी. जरा बोलली की मात्र लोक ऐकत.

गेल्या आठवड्यात ती तापाने फणफणली. ताईने फोन बंद करून कपाटात टाकला आणि नेमकी तेव्हाच नव्या आवृत्तीतली चूक वर आली. एकदा थांबलेली बटणं कायमचीच थांबली. कुठे परीक्षेचे अर्ज अडकले, कुठे इस्पितळाच्या वेळा. घुबडाने दुरुस्ती लगेच तयार केली होती. घुबड म्हणजे फोटोच्या जागी घुबडाचं चित्र लावणारा. तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण सगळ्यांत जास्त राबायचा तो तोच. दुरुस्ती बाहेर सोडायची किल्ली मात्र एकट्या धाकटीकडे. ती उठून बसेपर्यंत सगळे खोळंबले.

आज त्याने सगळ्यांच्या ऑनलाइन गप्पांत मांडलं होतं: लायब्ररी जराच्या खात्यातून सामाईक खात्यात न्यावी, किल्ल्या तिघांकडे असाव्यात आणि कुणाचाही बदल दुसऱ्याने तपासल्याशिवाय आत जाऊ नये. कुणाचाही म्हणजे तिचाही. फार गोड शब्दांत लिहिलं होतं. तेच जास्त झोंबलं.

धाकटी उठली, पाणी ओतलं, प्यायला विसरली, ताईची रिळं रंगावारी लावायला बसली. ताईने ती पुन्हा पहिल्यासारखी विस्कटली.

“एका जागी बस, नाहीतर चक्कर मारून ये. माझी शिवण वाकडी जातेय.”

“ते मागतायत.”

“काय?”

“सगळंच.”

ताईने दाताने धागा तोडला. “मागतायत की हिसकावतायत?”

“मागतायत.”

“मग स्थळ बरं आहे,” ताई म्हणाली. “नाही म्हणायचं तर नाही म्हण. ताटकळत नको ठेवूस.”

धाकटीने लॅपटॉप उघडला. तेवढ्यात तिकडे वारं फिरलं होतं. एकाने लिहिलं होतं, लायब्ररीला तिचं नाव आहे. दारावरची आपल्या नावाची पाटी काढ, असं कुणाला कसं सांगायचं? त्याच्या मागून आणखी काहींनी माना डोलावल्या होत्या. शेवटी खुद्द घुबडानेच माघार घेतली. बरोबर आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही, विषय इथेच मिटवू.

तिने फक्त गप्प बसायचं होतं.

“काय म्हणतायत?” ताईने विचारलं.

“मिटवतायत विषय.”

“मग तोंड का असं झालंय?”

धाकटीने खुर्ची पुढे ओढली. जरा हे माझं नाव नाही, तिने लिहिलं. आमच्या भाषेत त्याचा अर्थ थोडंसं, थोडा वेळ. दारावर पाटी कुणाचीच नाही, तेव्हा किल्ल्या करून घ्या. एरवी स्वल्पविराम दहादा तपासणारी ती, या वेळी न वाचताच पाठवून मोकळी झाली.

आधी हसरे चेहरे आले. मग घुबड आला.

“म्हणजे इतकी वर्षं आम्ही तुम्हाला ‘थोडंसं’ म्हणून हाक मारत होतो?”

“हो,” तिने लिहिलं. “मला चालत होतं.”

संध्याकाळच्या आत लायब्ररी नव्या खात्यात गेली. किल्ली असलेल्यांची नावं अक्षरांच्या क्रमाने लागली आणि तिचं सगळ्यांत खाली गेलं. त्यानंतरचे काही दिवस तिला चैन पडलं नाही. भाजी चिरतानाही ती ओल्या बोटाने फोन उघडून बघायची आणि ताई नुसतीच तिच्याकडे बघायची.

मग एका दुपारी कुणा नवख्याचा प्रश्न आला. प्रिय जरा, माझं बटण सुटतच नाही. सवयीने तिची बोटं धावली. उत्तर अर्धं लिहून होतं न होतं तोच कुणीतरी मुलगी, जिचं नाव धाकटीने एखाददुसऱ्या वेळीच वाचलं असेल, तिच्या आधी येऊन पोचली होती. आज जरा मी आहे, तिने इंग्रजीत लिहिलं होतं, तुझा कोड दाखव. खाली घुबडाचा खुलासा होता: नाव कुणाचंच नाही म्हटल्यावर, त्या दिवशी उत्तरं देण्याची ज्याची पाळी, तो त्या दिवशी जरा.

“आज जरा मी,” धाकटी पुटपुटली.

“जरा तू काय?”

“मी नाही गं.”

त्या मुलीचं उत्तर बरोबर होतं. थोडं लांबलं होतं, एवढंच. धाकटीने आपलं अर्धं उत्तर एकेक अक्षर मागे घेत पुसलं.

घुबडाने सगळ्यांना विचारलं, उद्या जरा कोण? कुणी हात वर करेना. प्रश्नाखाली तीन ठिपके हलू लागले, म्हणजे कुणीतरी लिहीत होतं. थांबले. पुन्हा हलू लागले. धाकटीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

“थंडी वाजतेय का?” ताईने मशीन थांबवून विचारलं.

तिने मान हलवली. नजर मात्र ठिपक्यांवरून काढली नाही.