नावाखालची ओळ

फ्रँकफर्टचं मराठी मंडळ जर्मन रीतीने नोंदवलेली संस्था, तिथल्या भाषेत फेराइन, होतं. त्यामुळे त्याला स्वतःचं शीड्सगेरिश्टही होतं, म्हणजे सभासदांचे तंटे सोडवणारं तिघांचं पंचमंडळ. पंच मतदानाने निवडायचे आणि मतपत्रिकेवर फक्त नावं छापायची. गेल्या खेपेला उत्कर्षा तामगाडगे उभी राहिली आणि सपशेल आपटली. हरल्याचं एवढं काही नव्हतं; पण मागच्या रांगेत कोणीतरी "तामगाडगे म्हणजे नक्की कोण?" असं कुजबुजलं, ते तिच्या जिव्हारी लागलं. तो प्रश्न कामाबद्दलचा नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

या खेपेला तिने आधी ठराव आणला. प्रत्येक उमेदवाराच्या नावाखाली त्याचं काम आणि अनुभव छापायचा.

गुरुदत्त वर्षानुवर्षं पंच होते, ती खुर्ची त्यांना घरच्या सोफ्याइतकी सवयीची. ते हसत उठले. "आल्झो, म्हणजे असं बघा उत्कर्षाताई, हे जरा टू मच होतंय. आपण सगळे एकमेकांना ओळखतो की!"

"मग माझी ओळख करून द्या ना."

गुरुदत्तांनी तिच्या शेजारी बसलेल्या उज्ज्वलकडे बघितलं. "तुम्ही... उज्ज्वलच्या मिसेस. झुणका फर्स्टक्लास करता."

"झुणका उज्ज्वल करतो."

हॉलमध्ये हशा पिकला. पुढच्या रांगेतल्या चारुलताने पहिला हात वर केला आणि मग बघता बघता सगळीकडे हातच हात. ठराव मंजूर!

पुढच्या महिन्यात नव्या मतपत्रिका आल्या. गुरुदत्तांच्या नावाखाली होतं, 'संस्थापक सदस्य, तबल्याची आवड.' उत्कर्षाच्या नावाखाली, 'मी वर्ध्याला दिवाणी न्यायाधीश होते. सध्या कंपनीत करार तपासते.' एरवी फटाफट खुणा करणारी मंडळी चष्मे लावून वाचत बसली. उत्कर्षा एकेकाचा चेहरा बघत होती. एवढं सगळं वाचूनही लोक आडनावापाशीच थांबले, तर? मग स्वतःची समजूत घालायलाही काही उरणार नव्हतं.

मतं मोजली गेली. उत्कर्षा पहिली आली, तीही दणदणीत! तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत. बघू देत सगळ्यांना.

गुरुदत्त कसेबसे तिसरे आले होते. माणूस मनाचा मोकळा, लगेच अभिनंदनाला आले. "अहो, न्यायाधीश होतात! कधी बोलला नाहीत ते?" मग शेजारी बसलेल्या म्हातारबाईंना वाकून नमस्कार करत त्यांनी विचारलं, "आपण उज्ज्वलच्या आई ना?"

वर्ध्याहून मुलाकडे आलेल्या अंजनाबाईंनी पदर नीट केला.

"मी जजबाईची सासू."