बांधलेलं चाक

सुवर्णाने तिसऱ्यांदा गिअर टाकून गाडी रेटली. मागचं उजवं चाक चिखलात जागच्या जागी गरगरलं, बांधावरच्या झेंडूवर काळे शिंतोडे उडाले आणि ट्रक तसूभरही हलला नाही.

शेजारी बसलेले तिचे सासरे, चिमाजी, डाव्या आरशात बघत होते. त्या बाजूचं चाक घट्ट मुरमावर गप्प उभं होतं. धुक्याने आरसा सारखा ओला होई. कधी चाक दिसे, कधी नुसताच पांढरेपणा. मागे गाडीभर झेंडू होता. उद्या दसरा. फुलं आज नाशिकला पोचायलाच हवी होती.

गावातल्या सोमनाथचा नवा ट्रक मघाशी याच चिखलातून सहज निघून गेला होता. माझ्या गाडीला बटण आहे, असं तो परवा टपरीवर सांगत होता. दाबलं की मागची दोन्ही चाकं एकजीव होतात. तात्या, तुमची ही म्हातारी गाडी मात्र जे चाक घसरतं त्याच्याच नादी लागते. चिमाजी अर्ध्या तोंडाने हसले होते. चैत्रात अर्धांगाने डावी बाजू गेल्यापासून हसू अर्धंच येई.

आता नाही हलवला तर डावा हात असाच राहील, असं व्यायाम करून घ्यायला येणारी वेदिका म्हणाली होती. गेल्या गुरुवारी तिने त्यांचा चांगला, उजवा हात फडक्याने खुर्चीच्या दांडीला बांधला. चिमाजींनी गाठ दातांनी सोडली. चालतो तो हातही काढून घेता काय, पुन्हा येऊ नका, असं तिला सांगितलं.

सुवर्णाने उतरून चाकाखाली दगड घातले. चिखलाने ते गिळले.

"दोर काढ," चिमाजी म्हणाले. शब्द जड येत.

"ओढणार कोण, तात्या?"

"ओढायचं नाय. उजवं चाक बांध. वरच्या कमानीला."

"फिरतंय तेच बांधू?"

"ते फिरतंय म्हणून दुसरं बसून हाय."

तिने चाकाच्या भोकांतून दोर ओवून आवळला. वर आली, पहिला गिअर टाकला, क्लच हळूहळू सोडला. क्षणभर काहीच झालं नाही. मग आरशातलं डावं चाक, झोपेत कूस बदलावी तसं, वळलं. बांधलेलं चाक चिखलातून मुकाट फरफटत आलं. गाडी मुरमावर चढली.

दोर सोडून ती परतली तेव्हा चिमाजी डाव्या हाताकडे बघत होते. तो मांडीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखा पडला होता. त्यांनी उजवं मनगट तिच्यापुढे केलं.

"बाजार येईपर्यंत."

डोक्याची ओढणी सोडून तिने ते मनगट सीटच्या दांडीला बांधलं. गाठ नीट बसली का, ते ओढून पाहिलं. मग चावी फिरवली.

डावा आरसा पुन्हा पांढरा झाला होता. तिचा हात तिथवर पोचत नव्हता.

"तात्या, मागचं दिसत नाय. आरसा पुसा."

गिअरवर हात ठेवून ती थांबून राहिली.