फक्कीनं आखलेली न्हाणी

आखणी पहिली. स्वयंपाकघराला लागून.

घनश्याम तेलाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसले आणि त्यांचं तोंड नेमकं चुलीकडे आलं.

"वा," ते म्हणाले, "इथून बसल्या बसल्या भाकर मागता येते."

"अन् मले इथून फेकून मारता येते," मी म्हणाले.

उकंडा मिस्त्री फक्कीचं घमेलं घेऊन उभा होता. त्याचं म्हणणं, कागदावरचं घर कोणाला कळत नाही. म्हणून तो नकाशा जमिनीवरच आखतो, खऱ्या मापाचा, चुन्याच्या पांढऱ्या फक्कीनं. इथे भिंत, इथे दार, इथे संडासाचं भांडं. मग घरच्यांनी त्या रेघांमधून वावरून पाहायचं. पटलं तर पाया खोदायचा, नाही पटलं तर झाडू मारायचा. मागच्या खोल्यांची फरशी तशीही निघणार होती. संडास आणि न्हाणी घरात घ्यायची, हे पक्कं होतं. कुठे, तेवढंच ठरत नव्हतं.

घनश्याम माझे यजमान. त्यांचं नाव मी तोंडानं घेत नाही, लिहिताना घेते. आणि बाजेवर काठी मांडीवर आडवी घेऊन ज्या बसल्या होत्या त्या तुळसाबाई, माझ्या थोरल्या जाऊ. मोठे भाऊजी गेल्यापासून त्या आमच्यातच आहेत. मी त्यांना नुसतं बाई म्हणते. हिवाळ्यात बाई परसातल्या संडासात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, काठी घेऊन चालायलाही लागल्या. पण त्यांची मुलगी बबिता म्हणाली, आता आईला मी नेते. जावई वणीला कोळशाच्या खाणीत आहेत, क्वार्टर मिळालेलं आहे, संडास घरातच.

म्हणून ही धावपळ. बाईंना जमेल असा संडास इथे झाला तर त्या राहतील, नाही तर जातील. स्वतः बाई हो म्हणत नव्हत्या, नाही म्हणत नव्हत्या.

"वैनी, तुमी सांगा," घनश्याम डब्यावरूनच म्हणाले. "इथी जमन का?"

"मले काय विचारता? घर तुमचं."

"तरी बी."

"चुलीपाशी? माय वं! इकडं वरणाले फोडणी, अन् तिकडं..." बाईंनी पदर नाकाला लावला.

झाडू.


आखणी दुसरी. बाईंच्याच खोलीत, कोपऱ्यात.

ही आमच्या सुनेची, निकिताची कल्पना. ती यवतमाळला असते. ती फोनमध्ये दिसत होती आणि मी फोन हातात धरून खोलीभर फिरत होते. आई, जरा खाली धरा. आई, तो तुमचा अंगठा दिसतोय. आई, हां, तिथेच, अटॅच करून टाका, म्हणजे मोठ्या आईंना अंधारात कुठे जायलाच नको.

बाई काठी टेकत आल्या. फक्कीच्या रेघेपर्यंत आल्या आणि थांबल्या. आत पाऊल टाकलं नाही.

"मोठ्या आई, आत तर जाऊन पाहा," निकिता फोनमधून म्हणाली.

"कायले? झोपते तिथीच सारं? मी काय बाळंतीन हाये?"

"शहरात सगळ्यांकडे असंच असतं, मोठ्या आई."

"मंग शहरातच जाते ना मी."

झाडू या वेळी घनश्यामांनी घेतला.


आखणी तिसरी.

ओसरीच्या टोकाला, सकाळी आखली, दुपारपर्यंत बाईंच्या कोंबड्यांनी विस्कटली, पुन्हा आख असं उकंडाला कोणी म्हटलं नाही.


फोन.

बबिता : काय ठरलं, काकू?

मी : ठरून राह्यलं.

बबिता : कधीचं ठरूनच राह्यलं. मी रविवारी गाडी घेऊन येते.

मी : बाईले विचारलं का?

बबिता : आई म्हणते, तू म्हणशीन तसं. तुमाले काय म्हणते?

मी : घर तुमचं.

बबिता : पाहा!

(मी फोन दुसऱ्या कानाला लावला.)

बबिता : काकू, माझा तुमच्यावर राग नाही. तुमी जेवढं केलं तेवढं मी लेक असून केलं नाही. पण ती एकटी पडून होती त्या दिवशी. ते डोक्यातून जातच नाही माझ्या.

फोन ठेवून मी परसात गेले, तर बाईंच्या कोंबड्या शेजारच्या अंगणात. आधी वाटलं, उडून गेल्या असतील. मग पाहिलं, त्यांचा खुराडाही तिकडेच होता. बाईंनी देऊन टाकल्या होत्या.


आखणी नाही. नुसतं तेल.

सकाळच्या उन्हात मी बाईंचा पाय चोळत होते. त्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या.

"बाई, पह्यल्या दोन आखण्यांत तुमाले खोट दिसली," मी म्हणाले. "पण जी सांगता ती खोट नाही."

"मंग कोणती?"

"ते तुमी सांगा."

मी घोट्यापर्यंत जाऊन परत गुडघ्यावर आले.

"कडी," बाई म्हणाल्या.

परसातल्या त्या जुन्या संडासाचं दार आत उघडतं. बाई पडल्या त्या दाराला पाठ लावूनच. ते कापूस वेचायचे दिवस, आम्ही सगळे वावरात, शेजारीही वावरात.

"आवाज देल्ला. घसा बसला. मंग नाही देल्ला. मंग नुसती आयकत पडून राह्यली."

"काय आयकत?"

"बाहेर कोणी बोलते का ते. कोणाचा आवाज नव्हता वं, विमल. हाड मोडलं त्याचं काही नाही मले. पण तुमी संडास घरात घ्या नाही तं देवघरात घ्या, आतून कडी लावली का मले तोच दिवस दिसते."

मी या घरात नवी आले तेव्हा गावात संडास कोणाकडेच नव्हता, आणि मी घाटंजीत वाढलेली, संडासाला दार असतं एवढंच ठाऊक असलेली, तर पहाटे अंधारात बाई मला शेतांमधल्या पांदणीनं नाल्यापलीकडे न्यायच्या, टमरेल माझ्या हातात द्यायच्या, माझ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि बोलायला लागायच्या, मोठ्यानं, कोणाची म्हैस आटली, कोणाच्या तुरीवर अळी पडली, सासूबाईंनी काल तेल कसं थेंबानं दिलं, सुचेल ते, न थांबता, म्हणजे रस्त्यानं येणाऱ्या गड्याला कळावं की इकडे बाया आहेत आणि मला वाटू नये की कोणी ऐकतंय. मला लाजेनं जमायचंच नाही, वेळ लागायचा, उजाडायला यायचं, तरी बाई कधी मागे वळल्या नाहीत, कधी आटप म्हणाल्या नाहीत, फक्त आणखी एखादी म्हैस काढायच्या.

भिंत नव्हती, दार नव्हतं, कडी नव्हती. बाईंचं बोलणं होतं, आणि मी त्यात निर्धास्त बसायचे.

हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या सकाळीही नाही दाखवलं. तेलाचे हात पायाला पुसले, उठले आणि उकंडाला हाक मारली.


आखणी चौथी. बाहेरून आत.

फक्की मीच हातात घेतली. आधी एक छोटा चौकोन काढला.

"हे काय, काकू?" उकंडानं विचारलं.

"ओटा. बसायचा."

"कोण बसन?"

"आत कोणी गेलं का जी बाहेर थांबन ते."

"लोकं आधी भांडं कुठी बसवाचं ते ठरवतात."

"तू आधी ओटा घे. त्याच्या पाठीमागं दार. मंग भांडं."

घनश्याम कमरेवर हात ठेवून पाहत होते. "म्हणजे आता संडासाले बी पाहुण्यायची बैठक? चहा कोण आणन?"

"तुमी."

पण जागा त्यांनीच काढून दिली. स्वयंपाकघर आणि बाईंची खोली यांच्या मधे धान्याची कोठी होती, भिंतीसारखी कायमची. "कोठी काय, कुठंबी राहीन," ते म्हणाले आणि बनियनवरच ज्वारी उपसायला लागले. मला तेव्हा त्यांची पाठ फार चांगली वाटली.

मग बाकीचं भराभर जमत गेलं. दार बाहेर उघडायचं. कडी नाही, दोरीचा आकडा, बाहेरूनही बोटानं निघेल असा. दाराच्या वर हातभर मोकळं, आवाज जायला. स्वयंपाकघराकडच्या भिंतीत उजेडाला झरोका. कमोड उंच, बाजूच्या भिंतीत धरायला लोखंडी पाइप. न्हाणी शेजारीच, पण कमरेएवढ्या भिंतीपलीकडे, आणि उतार सगळा मोरीकडे, म्हणजे अंघोळीचं पाणी पायाखाली येणार नाही. चुलीवरचं ऊन पाणी तिथून हंड्यानं सहज देता येईल.

"वर एवढं मोकळं ठेवलं तं आतला आवाज बाहेर येईन ना," उकंडा म्हणाला.

"म्हणूनच तं बाहेरची बोलन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, बाईंच्या खोलीकडे पाहिलं आणि विटा भिजत घातल्या. बाई बाजेवरून हे सगळं पाहत होत्या. त्यांना आम्ही काही विचारलं नाही, आणि त्यांनीही घर कोणाचं ते सांगितलं नाही.


रविवार.

बबिता आली तेव्हा बाईंची पेटी ओसरीत भरून ठेवलेली होती. ती सरळ मागे आली.

"काकू, संडास कुठी हाये?"

"हा काय."

"ही तं फक्की हाये!"

"अन् ओटा," उकंडा खालूनच म्हणाला. ओटा नुकताच बांधून झाला होता, विटांचा, एका माणसापुरता. त्यावर सिमेंटचा हात फिरायचा होता.

बबिताच्या मागून बाई आल्या. नवं लुगडं नेसलेल्या, वणीला निघालेल्या. रेघेपाशी येऊन थांबल्या. आत उकंडानं भांड्याच्या जागी तोच पालथा डबा ठेवला होता.

मी बाईंना या म्हणाले नाही. पोत्याची घडी घालून ओट्यावर बसले, त्यांच्याकडे पाठ केली आणि बोलायला लागले. मोठ्यानं.

"तं काय सांगू बाई, प्रेमसिंगच्या म्हशीनं काल दावं तोडलं. गेली सरळ ग्रामपंचायतीत. खुर्चीपाशी शेनाचा पो टाकला अन् आली वापस, जसं काही सहीच करून आली..."

मागे काठीचा आवाज. थांबला. पुन्हा काठी.

"...अन् ते मेथी लावली होती ना वाफ्यात. उगवलीच नाही. बी जुनं निघालं. अन्... अन् काय..."

डबा करकरला. मी वळले नाही.

"...बाई, मले तुमच्यासारखं नाही जमत. तुमी एवढं कुठून आणत होत्या? रोजच्या रोज? मले त्या साऱ्या म्हशी आठवतात, बाई. मी कधी म्हटलं नाही तुमाले. तुमी होत्या म्हणून मी या घरात टिकली, नाही तं पह्यल्याच हप्त्यात माहेरी पळाली असती. देवाशपथ. आता तुमी बसा. लागन तेवढा वेळ बसा. कोणी आटप म्हणनार नाही. मी हाये बाहेर. मी नसन तवा हे राहतीन. ह्यायले बोलता येत नाही काही, पण खोकलता तं येते..."

घनश्याम तिकडून लगेच खोकले. चांगले दोनदा.

माझ्या समोर बबिता उभी होती. तिला तिची आई दिसत होती, मला नव्हती. बबितानं ओढणी तोंडावर धरली. हसते की रडते ते कळेना. मग ती आली आणि माझ्या शेजारी बसायला गेली. ओटा एकटीपुरता. ती अर्धी विटेवर, अर्धी हवेत.

"आई," पाठ तशीच ठेवून ती मोठ्यानं म्हणाली, "आमच्या बाजूच्या क्वार्टरवालीनं ना, नवऱ्याच्या डब्यात चुकून पोराचे मोजे..." आणि ओट्यावरून घसरली. मी धरायला गेले तर मीही.

दोघी फक्कीत बसलो. मागून बाईंचं हसू ऐकू आलं. हिवाळ्यापासून ते ऐकलं नव्हतं.

"उकंडा," बाई म्हणाल्या.

"हां, मोठ्या काकू?"

"ओटा लांब घे. पोरगी भेटाले आली का बसन कुठी? अन् तो झरोका त्या अंगाले घे. इकडून चुलीचा धूर येते, डोळे फोडतं का माझे?"

"मोठ्या काकू, ओटा आत्ताच बांधला ना!"

"मंग? पाडता येत नाही का तुले?"

उकंडानं कपाळाला हात लावला. मग लोखंडी सब्बल उचलली आणि शेवटच्या विटेखाली घातली.