रेषेखालचा उजेड

मी चष्म्याच्या डबीतून बोलतोय, पण मी चष्मा नाही. मी एका मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब आहे. डावीकडचा. गाडीबरोबर कंपनीतूनच आलेला. डबी उघडून मला पाहणारा आधी हसतो, मग विचारतो, "हा इथे कसा?" त्याचीच ही गोष्ट.

काचेच्या छोट्या नळीत दोन तारा, एक जवळचं दाखवणारी, एक लांबचं, एवढाच माझा देह. काचेला बोट लावायचं नाही, हा आमच्या जातीचा पहिला नियम. बोटाचं तेल लागलं की तापल्यावर तिथेच तडा जातो. म्हणून लहानपणी मला कुणी गोंजारलं नाही. उजवीकडे माझा जुळा भाऊ होता. मध्ये अख्खं गाडीचं नाक, त्यामुळे आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नाही. पण आठ-दहा पावलांवर आमचा उजेड एकमेकांत मिसळायचा. तीच आमची भेट.

आमची गाडी शिकाऊ होती. छपरावर पाटी, शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक, आणि त्या ब्रेकवर कायम पाय ठेवून बसलेले मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनीच गाडी शिकवली. शिकवणी बहुतेक दिवसा, म्हणून आम्ही भाऊ बारा वर्षं टिकलो. आमची पाळी यायची ती संध्याकाळच्या शेवटच्या तासाला.

गाडी घरी आली त्याच आठवड्यात मास्तरांनी अंगणातल्या भिंतीसमोर ती उभी केली, पावलं मोजली, आमचे स्क्रू अर्धा-अर्धा आटा फिरवले आणि खिडक्यांच्या उरलेल्या हिरव्या रंगाने भिंतीवर एक आडवी रेषा ओढली. दरवर्षी त्या रेषेला नवा हात मिळायचा. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याचा पहिला धडा स्टिअरिंगवर नसायचा, त्या भिंतीसमोर असायचा.

"ही रेषा बघ. हिच्या खाली जो पडतो तो आपला उजेड. हिच्या वर गेला, तर ते समोरच्याच्या डोळ्यात घातलेलं बोट."

मी ते वाक्य शेकडो वेळा ऐकलंय. दर वेळी माझी तार ताठ व्हायची. रोज आपल्याला एक काम नीट करायचंय आणि ते कुठे थांबवायचं हे ठाऊक आहे, याहून मोठं सुख मला माहीत नाही. आता रस्त्यावर पाहतो तर ज्याला त्याला आपल्यापुढे लख्ख हवंय. समोरून येणारा गेला खड्ड्यात! अगदी खरोखरच्या खड्ड्यात.

तर, बाराव्या वर्षी मास्तर कुरकुरायला लागले. "बल्ब म्हातारे झाले. रस्ता दिसत नाही." मी थोडा मंदावलो होतो, नाही म्हणत नाही. पण मास्तरांनी वर्षभरात दोनदा चष्मा बदलला होता आणि तरी पाट्या वाचताना ते मान पुढे काढायचे. परवान्याच्या नूतनीकरणासाठी डोळ्यांचा दाखला हवा होता. तो कागद तीन आठवडे आमच्या गाडीच्या खणात घडी घालून पडला होता. दाखला मिळाला नाही तर मास्तरांचं शिकवणं संपलं. हे मास्तरांना कळत होतं, म्हणूनच ते घडी उघडत नव्हते. माझ्यावर आळ घेणं सोपं होतं.

त्यांची मुलगी सकाळचे तास शिकवते. ती म्हणाली, "बाबा, आधी डोळे दाखवून या."

"डोळ्यांना काय झालंय? तू लहान असताना रांगत कुठे गेलीस, ते मी पाठमोरा असताना सांगायचो."

"तेव्हा तुम्ही पंचविशीत होता."

मास्तर तडक मेकॅनिककडे गेले. मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि आम्हाला बघून तो चुकचुकला. "मास्तर, या मेणबत्त्या घेऊन फिरताय? हे पांढरे टाकतो. समोर दिवस उगवेल, दिवस!"

मुलगीही सोबत आली होती. "अहो, हा आतला आरसा या तारेसाठी घडवलाय. दुसरा बल्ब घातलात तर उजेड भलतीकडे फेकेल."

"ताई, बसतो ना बरोबर? बसतो म्हणजे चालतो."

मला काढताना मात्र त्याने फडकं धरलं, ते मी विसरणार नाही. भाऊ त्याच्या हातातून निसटला आणि फरशीवर फुटला. बारा वर्षांत मी त्याला प्रथमच पाहिलं, तेही असं. मला पांढऱ्या बल्बच्या रिकाम्या खोक्यात घालून खणात टाकलं, त्या न भरलेल्या कागदाशेजारी.

नवे बल्ब बसले, तरी त्या दिवशी गाडी भिंतीसमोर उभी राहिली नाही. मास्तर घाईत होते म्हणे. मी ओळखलं, ते भिंतीला घाबरत होते.

चार दिवसांनी सकाळी औषधांच्या दुकानातल्या बाई आल्या. कोपराला पट्टी, स्कूटरला पोचा. या मास्तरांच्याच विद्यार्थिनी, तीनदा नापास होऊन पास झालेल्या.

"मास्तर, काल तिन्हीसांजेला वळणावर तुमच्या गाडीने मला आंधळं केलं. थेट कुंपणात गेले मी."

"माझ्या गाडीने?"

"छपरावर पाटी घेऊन दुसरं कोण फिरतं? डोळ्यांत बोट कुणी घालायचं नाही, हे कुणी शिकवलं मला? दुसरा कुणी असता तर चांगली लाखोली वाहिली असती. तुम्ही मास्तर, म्हणून घरी येऊन सांगतेय."

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "अगं, पण मी तुला पाहिलंच नाही."

मुलीने वर पाहिलं. खणाच्या अंधारात मलाही ते वाक्य टोचलं. एवढा दिवस उगवलेला असूनही समोरचं माणूस दिसलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मुलीने पांढरे बल्ब उपसले. डावीकडे मी परत बसलो, उजवीकडे माझ्याच जातीचा एक कोरा बल्ब. गाडी भिंतीसमोर आली. पावलं मोजली गेली. मी पेटलो. काय सांगू! तोच आरसा, तीच भिंत, आणि माझ्या उजेडाची कड हिरव्या रेषेला खालून अलगद टेकलेली.

"आला बघा रेषेवर," मुलगी म्हणाली.

मास्तरांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "उजेड ठीक आहे. पण रेषा पार पुसली गेलीय. जा, ब्रश आण. नवा हात मारू."

मुलगी जागची हलली नाही.

"बाबा, रेषा मी परवाच रंगवलीय."

मास्तर भिंतीकडे चालत गेले. अगदी नाक टेकेपर्यंत. मग त्यांनी बोट लावलं आणि रेषेवरून ते हळूहळू फिरवत नेलं, एखाद्या पोराच्या पाठीवरून फिरवावं तसं. माझा उजेड त्यांच्या हातावर होता. ते परत आले, किल्ली मुलीच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "खणात एक कागद आहे. उद्या घेऊन जाऊ."

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. दोन महिने मुलीनेच सगळे तास घेतले आणि मास्तर मागच्या सीटवर बसून नसलेला ब्रेक दाबत राहिले. ऑपरेशनला जाताना त्यांनी मेकॅनिकला ऐकवलं, "आता माझे बदलतायत. पण तो डॉक्टर मोजमाप घेऊन बसवतो, बरं का!"

डोळे बरे झाल्यावर पहिलं काम भिंतीसमोर. मी पेटलो. मास्तर आठ पावलांवर बिनचष्म्याचे उभे राहिले. मग ओरडले, "अगं, ही काय रेषा काढलीस? डावीकडे बोटभर खाली उतरलीय! बारा वर्षांत काय शिकलीस?"

मुलगी हसायला लागली आणि हसता हसता रडली. कागद भरला गेला, दाखला मिळाला.

त्यानंतर सहा-सात आठवड्यांनी, रस्त्यातच, माझी तार तुटली. अपघात नाही, काही नाही. वय झालं होतं. मास्तरांनी मला फडक्यात धरून काढलं आणि रिकाम्या झालेल्या चष्म्याच्या डबीत ठेवलं. नव्या विद्यार्थ्यांना ते डबी उघडून दाखवतात. "याच्यावर मी आळ घेतला होता," म्हणतात.

माझं मागणं फार नाही. तुमच्या समोर अंधार वाटला तर बल्ब जरूर बदला. फक्त त्याआधी एकदा डोळे तपासा, आणि नंतर एकदा गाडी भिंतीसमोर उभी करा. रेषा कुठल्याही रंगाची चालेल.

अजूनही कधी कधी पेपर वाचायला बसले की मास्तर जुन्या सवयीने डबी उघडतात. आत चष्मा नसतो, मी असतो. ते जरा ओशाळतात, पेपर हातभर लांब धरतात आणि वाचायला लागतात. डबी मात्र उघडीच राहते.