गुणी बाळ

आईच्या फुशारक्यांत अस्सल माल एकच होता: धाकटी तान्ही असताना कधी रडलीच नाही. थोरलीनं घरादाराला रात्र रात्र जागवलं, धाकटीला मात्र दुधासाठीसुद्धा उठवावं लागे. शेजारणी म्हणायच्या, काय गुणी बाळ. आई हा माल येईल त्या पाहुण्यापुढे मांडायची आणि तिशी उलटलेली धाकटी पाण्याचा ट्रे धरून ऐकायची.

धाकटी लाँड्रीत मागच्या खोलीत इस्त्री करायची. हात संथ, पण घडी अशी की गिऱ्हाईक ती मोडायला कचरे. काउंटरवरची बाई सोडून गेली, तेव्हा मालकिणीनं सोमवारपासून धाकटीला पुढे उभं राहायला सांगितलं. तिला ती जागा फार हवी होती. म्हणून तिनं मनातल्या मनात तालीम केली आणि हबकली. एकजण डाग दाखवतोय, दुसरा पावती पुढे करतोय, फोन वाजतोय. तिसरी गोष्ट डोक्यात शिरेपर्यंत पहिली बाहेर पडलेली.

ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. आई सोबत होतीच. सावली निदान ढगाळ दिवशी रजा घेते, आई तेवढीही घेत नसे.

धाकटीचा हिशेब सरळ होता: थायरॉइडची गोळी लहानपणापासून चालू आहे, डोस वाढवला की डोकं पळेल. बाईंनी रिपोर्ट पाहिला आणि नको तीच बातमी दिली. सगळं उत्तम होतं. डोस वाढवून छातीत धडधडलं असतं, हाडं झिजली असती, डोकं आहे तिथंच राहिलं असतं.

"मग मी अशी का?"

जन्मतःच ग्रंथी काम करत नव्हती, बाई म्हणाल्या. मेंदूची बांधणी जोरात चालू असते तेव्हाच थायरॉइडचा रस कमी पडला. गोळी उशिरा सुरू झाली, की लक्ष, आठवण, वेग यांत थोडी कसर राहून जाते, ती पुढं भरून निघतेच असं नाही. मग त्यांनी आईला सहज विचारलं, बाळ फार झोपायचं का, रडायचं कमी?

आईला गोष्ट तोंडपाठ होती. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

जिन्यात धाकटी म्हणाली, "सोमवारी मी जाणारच. एकेकाला थांबा म्हणेन, लिहून घेईन. चुकले तर चुकले."

"आता तुला एकटी सोडायची नाही मी," आई डोळे पुसत म्हणाली. त्याच संध्याकाळी तिनं मालकिणीची परवानगीही मिळवली.

सोमवारी काउंटरमागे धाकटी उभी होती आणि तिच्या कोपराला लागून, खुर्चीवर, आई. पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं, शर्ट कधी मिळेल? धाकटीचं उत्तर निघालं होतं, आपल्या चालीनं ओठांपर्यंत येत होतं.

"बुधवारी," आई म्हणाली.

धाकटीनंही "बुधवारी" म्हटलं. गिऱ्हाईक तोवर आईशी बोलायला लागलं होतं.