टाळ्यांखालचं व्हायोलिन

"हे नको," मी कानावरचे हेडफोन काढून काउंटरवर ठेवले. "यात सगळेच सारख्या आवाजात बोलतात."

"तेच तर याचं वैशिष्ट्य आहे, काकू," दुकानदार म्हणाला. "हळू आवाज आपोआप वर उचलतं, मोठा आवाज दाबतं. तुम्हाला काही करायलाच नको."

"दाबादाबी करायला आमच्या घरात माणसं आहेत. त्यासाठी यंत्र कशाला विकत घेऊ?"

तो हसला. मी नाही हसले. तासभर त्याच्या दुकानात ठाण मांडून बसले होते आणि मुठीत मावतील अशी तीन रेकॉर्डर आमच्या मध्ये पडली होती. एक तर मी आधीच बाजूला सारलं होतं, कारण त्याचा सगळा कारभार मोबाईलवरून चालायचा. मंचावर बसून मोबाईल कुरवाळणं मला जमणार नाही.

"नक्की रेकॉर्ड काय करायचंय? भाषण, गाणं, की नातवंडं?"

"भावाचं गाणं."

"अरे वा! कौतुक म्हणून?"

"सूड म्हणून."

तो पुन्हा हसला. खरं सांगितलं की लोकांना हसू येतं, हा माझा जुना अनुभव आहे. त्यानं तिसरं यंत्र पुढे केलं. डोक्यावर दोन माइक, एकमेकांकडे तिरपे. आवाजाची पातळी आपली आपण ठरवायची. मी दुकानदाराला दारापाशी उभं केलं, मोठ्यानं बोलत राहायला सांगितलं, आणि स्वतः यंत्राशेजारी काउंटरवर नख आपटत बसले. मग ऐकलं. नखाचा आवाज कानात घुसत होता आणि दुकानदार पार रस्त्यापलीकडे गेला होता. जवळचं ते जवळ, लांबचं ते लांब.

"हेच द्या," मी म्हटलं.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. तो गातो आणि मी त्याच्या डाव्या हाताला बसून व्हायोलिनची साथ करते. एकतीस वर्षं हेच चाललंय. गेल्या महिन्यात त्याच्या एका मैफलीचं रेकॉर्डिंग बाजारात आलं. त्यात दोन कडव्यांच्या मध्ये माझं एकटीचं चार मिनिटांचं वादन होतं. मी मोठ्या हौसेनं ऐकायला बसले, तर तिथे नुसत्या टाळ्या! दादाच्या कडव्याला पडलेल्या टाळ्या ताणून माझ्या वादनावर ओतल्या होत्या. खाली कुठेतरी व्हायोलिन होतं, शेजारच्या घरात दार कुरकुरावं तसं.

साउंडवाल्याच्या खांद्याशी उभं राहून हे सगळं करवून घेते ती वहिनी. मी तिला फोन केला.

"मनाला लावून घेऊ नका, वन्सं," ती म्हणाली. "लोक ह्यांना ऐकायला येतात."

दादाला विचारलं, तर म्हणाला, "ते सगळं हीच बघते गं." झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, थांबा, दाखवतेच आता.

कारण एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. दोन वर्षांपासून दादाचा वरचा सूर हुकतो. तो लावायच्या जरा आधी, श्वासभर आधी, मी तो सूर हळूच वाजवते. दादा डोळे मिटून गातो. माझा सूर कानावर पडला की त्याला धरून वर जातो, आणि लोक म्हणतात, काय गळा आहे या वयात! सभागृहाच्या स्पीकरमधून माझं व्हायोलिन कुणाला ऐकूच जात नाही, त्यामुळे चोरी पकडली जात नाही. यंत्र माझ्या पायाशी असलं की सगळं उघड होणार होतं. ते रेकॉर्डिंग मी शहरातल्या एकूण एक जाणकाराला ऐकवणार होते.

मैफलीच्या संध्याकाळी मंचावर गेले, तर वहिनी माझ्यादेखत साउंडवाल्याला म्हणाली, "व्हायोलिनचा आवाज मागच्या वेळेपेक्षाही खाली ठेवा." मी खुर्चीखाली रुमालाची घडी ठेवली, पायाच्या ठेक्याचा हादरा लागू नये म्हणून. त्यावर यंत्र ठेवलं आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला.

शेवटच्या गाण्यात ती जागा आली. दादानं श्वास घेतला. आणि माझा गज तारेवरून उचलला गेला. असं काही आधी ठरवलं नव्हतं, पण खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मनाला इतकं गार वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, जा आता एकटाच.

दादा थांबला. मिटल्या डोळ्यांनी मान माझ्याकडे कलती केली, वाट पाहिली. मग सूर लावला आणि तो फाटला. त्याला खोकला आला, तो पाणी प्यायला, उरलेलं गाणं कसंबसं खालच्या सुरात आटपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आजाऱ्याला धीर द्यावा तशा. घरी येऊन मी ते चारदा ऐकलं. सूड कसा झाला होता, अगदी मनासारखा.

चौथ्या दिवशी वहिनीचा फोन आला. नेहमीचा तोरा आवाजात नव्हता.

"वन्सं, ह्यांनी गाणं सोडलं. पुढचे सगळे कार्यक्रम रद्द करायला सांगितलेत."

"एक सूर चुकला म्हणून?"

"सुराचं नाही हो. कानाचं. वर्षभर डाव्या कानात शिटी वाजतेय, कुणाला सांगू दिलं नाही मला. त्या दिवशी ऐनवेळी तुमचं व्हायोलिन ह्यांना ऐकूच आलं नाही. कान गेला म्हणतात. जेवत नाहीत, बोलत नाहीत."

गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. वहिनीचा तोरा उतरलेला, दादा मंचावरून उतरलेला, आणखी काय हवं होतं मला? पण त्याचे कान शाबूत आहेत याचा पुरावा जगात फक्त माझ्याकडे होता, आणि त्याच पुराव्यात माझं काळं तोंडही होतं.

यंत्र पिशवीत टाकलं आणि गेले.

दादा टेबलाशी बसला होता, दाढी वाढलेली. मी त्याच्या कानांवर हेडफोन चढवले आणि ती जागा लावली. त्यानं ऐकलं. "पुन्हा," म्हणाला. पुन्हा ऐकलं. मग हेडफोन खाली घेतले.

"इथे तू वाजवलंच नाहीस."

"नाही."

"म्हणजे माझा कान..." तो आतल्या दाराकडे वळला. "अगं, ऐकलंस का? कान आहे माझा! ही वाजवायचीच थांबली होती!"

आतून वहिनी धावत आली. दादा रडत होता आणि हसत होता. मग हळूहळू त्याचं हसू मावळलं.

"मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम."

"चार दिवस मी मेल्यासारखा होतो."

"माहीत नव्हतं मला. माहीत असतं तर नसतं केलं."

"यापुढे माझ्या साथीला बसू नकोस."

"बरं," मी म्हटलं. एकतीस वर्षं एका शब्दात संपली. मी यंत्र उचलायला हात पुढे केला, तर त्यानं त्यावर आपला हात ठेवला.

"मी फार लांबून गातोय असं वाटतं यात. इतका लांब बसलो होतो मी?"

"शेजारीच होतास. यंत्र माझ्या पायाशी होतं."

त्यानं यंत्र हातात घेतलं. "म्हणजे आपल्या रेकॉर्डवर तू अशीच लांब..." या वाक्यासाठी माझ्याकडे शब्दांचं गाठोडं तयार होतं. मी नुसती मान हलवली.

"तुझं एकटीचं वादन यात कुठे आहे?" त्यानं विचारलं. "ते लाव."

मी शोधून लावलं. त्यानं हेडफोन चढवले, डोळे मिटले. मला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त टेबलावर ठेका धरणारं त्याचं बोट दिसत होतं आणि यंत्रावर सरकणारे आकडे. दोन मिनिटं झाली असतील, वहिनी जवळ येऊन काहीतरी सांगायला लागली.

दादानं डोळे न उघडता हात वर केला आणि तिला गप्प केलं.